वराकडचा बोलणारा

—सहीला माझी ना नाहीये हो, डॉक्टरीणबाई, एक काय, दोन सह्या करीन, पण आधी बसा तर खरं. तो कागद ठेवा बाजूला. त्याच्यावर हा पेला ठेवा, म्हणजे उडणार नाही, वारा आहे आज. आणि प्या ते — खरपुडीचं पाणी आहे, भात काढून झाला की तळाची खरपुडी चांगली करपवते माझी बायको झेलीन आणि मग त्यात पाणी उकळते, तुमच्या राजधानीत मिळतं तसं फिकं नाही. हां. आता बोलू. आमच्याकडे असा सकाळी सकाळी कागद नाकासमोर धरून सही मागत नाहीत, त्यातून माझ्यासारख्याकडे तर नाहीच नाही. मी बोलणारा माणूस. बोलणारा म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, तुमच्याही लग्नात असेलच की — वराकडून उभा राहून मुलीकडच्यांशी बोलतो तो. नवरामुलगा गप्प बसतो, त्याचा बाप गप्प बसतो, सगळं बोलणं माझं. बेचाळीस लग्नांत बोललोय मी वराकडून. आणि बोलणाऱ्यानं मुद्द्याला हात घालायच्या आधी माफी मागायची असते, तो नियमच आहे, तेव्हा मागतो — तुमची माफी, तुमच्या वाडवडलांची माफी, घराच्या त्या ईशान्य कोपऱ्यात माझे वाडवडील बसलेत त्यांची माफी, आणि तुम्ही मघाशी जिच्यावर बसणार होतात त्या कोंबडीचीही. कशाबद्दल? ते कळेल पुढे. आधी मागून ठेवलेली बरी असते.

वाचा बरं परत एकदा तो कागद. सावकाश. "मी, वेलुनझारा, आंबुदिरुत्रा गावचा वाटाड्या" — बरोबर. "असं लिहून देतो की गावामागच्या टेकडीवर एक नर बाबाकुतु राहतो" — हं. "आणि तो मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे." डोळ्यांनी. तो शब्द लागतोच का? नाही, माझं म्हणणं एवढंच, की "कानांनी" लिहिलं तर काय बिघडतं? बाबाकुतु, तुमच्या पुस्तकातला तो मोठा लेमूर, दिसतो कुठे हो सारखा, वर पानांत बसलेला असतो, त्याला आपण ऐकतोच जास्त... अच्छा. कान तुमच्या यंत्राला आहेत, डोळे माझे पाहिजेत. समजलं. आणि मी हे लिहून दिलं की टेकडीवरच्या एकट्या मादीला, आमच्या रामातुआला, तुम्ही आनालाबेच्या रानात नेणार नाही? जीप दुपारी रिकामी परत. टोपली रिकामी, जाळं रिकामं, तो भुलीची सुई मारणारा माणूसही आला तसा परत. चांगलंच आहे की. वाईट कुठे म्हणतोय मी? गावालाही चांगलं. बाबाकुतु राहिला नाही तर पाहुणे इथे काय माझं तोंड बघायला येतील? झेलीनची खाणावळ बसेल, ती माझ्या डोक्यावर बसेल. म्हणजे सगळ्या बाजूंनी सही करणंच फायद्याचं. करतो. पेन चालतंय ना? बघतो जरा.

हे पेन फार बारीक लिहितं.

एक विचारू? तो यंत्रातला नर — तो आहेच, असं तुम्हाला अगदी ठाम वाटतं? नाही, मी आपलं विचारलं. झाडाला डबा बांधून ठेवलात सहा आठवडे, त्यात आवाज सापडला, काल संध्याकाळी तुम्ही कानाला लावून ऐकलंत आणि ओट्यावर चक्क नाचलात — हो, झेलीननं पाहिलं, पाणी आणायला चालली होती — आणि मग अंधार पडायच्या आत धावत जाऊन त्या खडकावर चढलात, जिथून फोन लागतो तिथे, आणि राजधानीला ओरडून सांगितलंत, नर सापडला, नवा नर सापडला! अख्ख्या गावानं ऐकलं ते. मी इथे भात खात होतो. घास घशात अडकला माझ्या. आनंदानं हो, दुसरं कशानं.

दोन वर्षं फिरताय म्हणालात, एक नवा नर सापडला नाही म्हणालात, सगळीकडे रान जाळून भात पेरलेला, नाहीतर खाणीवाल्यांचे खड्डे. मग आमच्याच टेकडीवर कसा हो सापडला? जंगल ते केवढं राहिलंय आमचं. इकडून शीळ घातली तर तिकडून ऐकू जाईल एवढं. पण म्हटलं तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला जास्त कळणार.

खोकला? हो, असतो खोकला. दवानं होतो. उंच झाडावर दव किती पडतं, कुणालाही होईल. प्रत्येक गाण्यात एकदा खोकतो म्हणालात ना, लांब सुराच्या आधी? वय झालं असेल त्याचं. आणि रविवारी अर्धा तास आधी गातो, हे म्हणे तुमच्या शास्त्रात बसत नाही. आता काय सांगू मी. चर्चची घंटा ऐकून जागा होत असेल. किंवा त्याला... म्हणजे त्याला काय ठाऊक रविवार आहे ते, बरोबर आहे तुमचं, त्यालाच ठाऊक नसणार. योगायोग असेल. सहाच्या सहा रविवार? असेल, असतात असे योगायोग. आणि शनिवारी मुळीच गात नाही? डॉक्टरीणबाई, शनिवारी या दिवसांत लग्नं असतात, मला पहाटेच निघावं लागतं पलीकडच्या गावी, तर कसा गाणार — म्हणजे कसा ऐकणार मी. शनिवारचं मला विचारूच नका, मी गावात नसतो. आणि मधल्या त्या पाच दिवसांत एकदाही गायला नाही म्हणता, तर त्याचं काय आहे, तेव्हा माझी दाढ इतकी ठणकत होती, गाल हा एवढा सुजलेला, तोंड उघडत नव्हतं — म्हणून मी ऐकायला गेलो नव्हतो. असं म्हणतोय मी. तुम्ही लिहून काय घेताय? माझी दाढ लिहू नका, तिचं काय काम त्यात.

झेलीन, आत बसून हसू नकोस. पाहुण्या आहेत.

बरं, आवाज कसा आहे म्हणतं यंत्र? मी आपला कुतूहल म्हणून विचारतो. भक्कम? "वयस्कर नर, छाती भक्कम." असं आहे त्यात? झेलीन, ऐकलंस का — भक्कम! यंत्र म्हणतंय. मी नाही. आणि? सुरुवातीची डरकाळी उत्तम. हो, डरकाळीवरच सगळं असतं, ती पोटातून यायला लागते, लोकांना वाटतं घशातून. मग? लांब सूर चांगला, थोडा थरथरतो. थरथरतो? बरं. असेल. वयस्कर म्हटलंच आहे. आणि शेवट... काय आहेत उतरते सूर? परत म्हणा. ओबडधोबड?

ओबडधोबड.

कोण म्हणतं असं? यंत्र म्हणतं का तुम्ही म्हणता? नाही, सांगा ना. अहो, उतरते सूर म्हणजे सगळ्या गाण्याचं जेवण असतं, डरकाळी काय, कुणीही मारेल. एक वर, मग खाली, मग जरा थांबायचं — थांबायचं, कारण तिथे तिची बोलायची पाळी असते, बाई बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही — आणि मग दुसरा, त्याहून खालचा. इतकं शिकायला मला किती महिने — इतकं शिकायला कुठल्याही बाबाकुतुला किती महिने लागत असतील, कल्पना आहे तुम्हाला? आणि तुम्ही ओबडधोबड म्हणता. तुमचा डबा फणसाच्या झाडाला बांधलात ना, ओढ्यावर? मग बरोबर, ओढ्याच्या पाण्यानं सूर खराब ऐकू येतात. वरच्या खडकाशी बांधायचा होता. तिथून ऐकला असतात तर कळलं असतं. थांबा, हे ऐका. नुसतं ऐका. नळी नाहीये हातात, नुसत्या ओंजळीतून काढतो, म्हणजे निम्मंच समजा. ऊऊऊऊ — ख्हं, ख्हं — ऊऊऊऊऊऊ... ऊऊ-उऽऽ... ऊऊ-उऽऽ...

बघा. आहे कुठे ओबडधोबड?

काय झालं? असं काय बघताय माझ्याकडे?

पेला सांडला तुमचा. राहू द्या, कागदावर सांडला तर सांडला.

झेलीन, तू बाहेर येऊ नकोस. मला ठाऊक आहे. मला कळलं काय केलं ते.

बसा, डॉक्टरीणबाई. उठू नका, बसा. ती माफी मागून ठेवली होती ना मघाशी, ती आता वापरतो. तर — नर नाहीये. तुमच्या यंत्रातला नर मी आहे. तो खोकला माझा आहे, तंबाखूचा आहे. रविवारी मी लवकर गातो, कारण नंतर चर्चला जायचं असतं, आणि उशीर झाला की झेलीन सगळ्यांसमोर मान वळवून बघते. शनिवारी लग्नं. आणि ती दाढ माझीच, बघा, इथली, काढली शेवटी. हसा हो. हसलात तर बरं वाटेल मला. अशा गप्प बसू नका. बेचाळीस लग्नांत मुलीकडचे चुका काढून ओरडतात माझ्यावर, दंड लावतात, त्याची सवय आहे मला, पण असं गप्प कुणी बसत नाही.

तुम्हाला फसवायला नाही हो केलं. सुरू केलं तेव्हा तुम्ही येणार हेच कुठे ठाऊक होतं? डबा कशाचा आहे हेच मला कळलं नाही, मला वाटलं पावसाचं माप आहे. चार वेळा त्याच्याजवळ बसून भाजलेला कसावा खाल्लाय मी, तेही आलं असेल आत. आलंय? "अनोळखी चर्वण" असं लिहिलंय? असू दे.

सुरुवात कशी झाली ते सांगतो, मग काय शिव्या द्यायच्या त्या द्या. आमच्या टेकडीवर जोडी होती — रांगाही आणि रामातुआ. म्हणजे साहेब आणि बाईसाहेब, नावं मीच ठेवली, गावानं उचलली. मोठी जोडी, काळी-पांढरी, शेपटी म्हणून नाहीच, आणि रोज सकाळी दोघं मिळून गायची, दोन डोंगरांपलीकडे ऐकू जायचं. मी वीस वर्षं पाहुण्यांना नेऊन दाखवलीत. त्यांच्यात बाई आधी जेवते बरं का, चांगली कोवळी पानं तिची, नवरा खालच्या फांदीवर बसून वाट बघतो — झेलीनला ही गोष्ट फार आवडते, कुणी पाहुणा आला की आधी हेच सांगते. मग खाणीवाले आले. परमुलखातले, त्यांना कसला विधिनिषेध आणि कसला पूर्वज. आमच्यात बाबाकुतुवर हात उगारत नाहीत, तो आमच्या आजोबाच्या आजोबाचा भाऊ लागतो, तुमच्या पुस्तकात काहीही लिहिलेलं असो. त्यांच्याकडे बंदूक होती. रांगाहीला मारला आणि खाल्ला. मी गेलो तेव्हा हात सापडला नुसता. हात बघितलाय ना तुम्ही त्यांचा? आपल्यासारखाच असतो, अंगठा, नखं. मी पुरला तो. रम ओतली, पूर्वजांची माफी मागितली, आणि घरी येऊन भांडलो झेलीनशी काहीही कारण नसताना.

रामातुआ गप्प झाली. एक नाही, दोन नाही, अकरा दिवस. पानं खायची, बसायची. आणि अकराव्या दिवशी माझ्याकडे पाहुणे, म्हातारे नवरा-बायको कुठल्याशा थंड देशातले, त्या बाईच्या गुडघ्यांना पट्ट्या बांधलेल्या, तरी चढली बिचारी चिखलातून, आणि वर जाऊन बसली, दोन तास, तीन तास, आवाज नाही. तिनं मला काही म्हटलं नाही हो. नुसती हसली आणि पाणी प्यायली. मला इतकी लाज वाटली. मी बोलणारा माणूस, माझ्यासमोर चारचौघांत शांतता पडली की मला काहीतरी करावंच लागतं. म्हटलं, जरा पुढे बघून येतो. फर्नच्या जाळीत शिरलो, तिथे पपईचं झाड होतं, पान तोडलं, देठाची नळी केली, आमच्याकडे लहान मुलं वाजवतात तशी. आणि रांगाहीचं गाणं म्हटलं. वीस वर्षं ऐकलेलं. वाईट म्हटलं, तेव्हा खरंच ओबडधोबड होतं, तेव्हा तुम्ही म्हणाला असतात तर मी मान्य केलं असतं.

आणि तिनं उत्तर दिलं.

डॉक्टरीणबाई, माझ्या हातातून नळी पडली. ती वरच्या झाडावर उभी राहिली, दोन्ही हातांनी खोड धरून, आणि इतकं मोठ्यानं गायली की त्या म्हाताऱ्या बाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. माझ्याही. ते पाहुणे गेले खुश होऊन. मी ठरवलं, कानाला खडा, परत असं करायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी इथे ओट्यावर बसून तंबाखू मळत होतो, आणि वरून तिचा आवाज आला. एकटीचा. अर्धंच गाणं — तिची पाळी गायची, मग थांबायची. थांबायची, थांबायची. परत गायची, परत थांबायची. तुम्ही सांगा. तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही सांगा, काय करायला पाहिजे होतं मी? तंबाखू मळत बसायला पाहिजे होतं?

तेव्हापासून जातो. पाहुणे येतात वर्षातून दोन महिने, मी जातो वर्षभर. दोन वर्षं झाली. झेलीनला वाटलं माझं कुठे जमलंय. बरोबर आहे, नवरा रोज उजाडताना तोंड धुऊन, केस विंचरून टेकडीवर जातो, तासाभरानं हसत परत येतो, कुठल्या बाईला काय वाटेल? केस कशाला विंचरायचो ते विचारू नका, मलाही ठाऊक नाही. एक दिवस आली मागून, हातात उलथनं. मी फर्नमध्ये उकिडवा, गाल फुगवून पपईची नळी फुंकतोय. तीन दिवस हसत होती ती. तीन दिवस, बाजारात, नदीवर, चर्चमध्ये स्तोत्र चालू असताना. आणि चौथ्या दिवशी भात वाढता वाढता म्हणाली, माझ्यासाठी कधी गायला नाहीस. बस एवढंच. आमच्या लग्नातही माझ्या वतीनं दुसराच बोलला होता, माझा मामा. नवऱ्यानं गप्प बसायचं असतं.

आता तुमचं बोला. म्हणजे नका बोलू, मला ठाऊक आहे तुम्ही काय म्हणणार. काल खडकावरून परत आल्यावर जेवताना तुम्हीच सांगितलंत, अगदी सहज, मासा खाता खाता — जोपर्यंत तिला इथे नराचा आवाज ऐकू येतोय, तोपर्यंत ती दुसरीकडे जोडीदार शोधायला जाणारच नाही. म्हणून तिला इथेच ठेवू, तिचं आपोआप जमेल. तुम्ही हसत सांगितलंत. मी मासा तसाच टाकून उठलो. रात्रभर तेच डोक्यात. आपोआप जमेल! कुणाशी? माझ्याशी?

आणि अजून एक आहे. हे झेलीनलाही अर्धंच ठाऊक आहे. गेल्या वर्षी, पाऊस लागायच्या तोंडावर, रामातुआ निघाली होती. खरंच निघाली होती. टेकडीच्या त्या टोकाला गेली, जिथे जंगल संपतं आणि जाळलेली शेतं लागतात, आणि शेवटच्या झाडावर बसली. आनालाबेच्या दिशेला तोंड करून. तिकडून, वारा तिकडचा असला की, आवाज येतो ना — तुमचा तो तरुण विधुर, ज्याच्यासाठी तुम्ही टोपली घेऊन आलात, तोच असणार. दोन दिवस बसली ती तिथे. मी खालून बघत होतो. मधे सगळी राख, झाडं नाहीत, जमिनीवरून जावं लागलं असतं तिला, गावची कुत्री मोकळी, फाडलं असतं तिला. म्हणून मी गायलो. परत बोलावलं. झेलीनला मी असंच सांगितलं, कुत्र्यांच्या भीतीनं बोलावलं. खोटं नाहीये ते, कुत्री आहेतच.

पण तेवढंच नव्हतं हो. मला करमलं नसतं. ती गेली असती तर सकाळी उठून मी काय केलं असतं? म्हणून बोलावलं. आणि ती आली. शेवटचं झाड सोडून, त्या आवाजाकडे पाठ फिरवून, माझ्याकडे आली, आणि फांदीवर बसून शोधत राहिली इकडेतिकडे. खाली फर्नमध्ये बघायचं तिला सुचलं नाही, बाबाकुतु खाली कधी बसतो? वरच बघत होती. प्रत्येक झाडात बघितलं तिनं.

मी बेचाळीस नवऱ्यांच्या वतीनं बोललो, डॉक्टरीणबाई. त्यात आळशी होते, दारुडे होते, एक तर लग्नाच्या दिवशी झोपला होता, मी त्याचंही भरभरून कौतुक केलं. पण प्रत्येक वेळी मागे चटईवर नवरा बसलेला होता. खरा. नवरा नसताना वराकडून बोललोय तो इथेच. ही माझी चूक दंडानं फिटणारी नाही.

तेव्हा सही नाही. हा घ्या तुमचा कागद, भिजलाय, तसाही गेलाच होता. राजधानीला काय सांगायचं ते माझ्यावर ढकला. सांगा, एका म्हाताऱ्यानं फसवलं. भक्कम छातीच्या म्हाताऱ्यानं — तेवढं सांगा. जीप दुपारपर्यंत आहे ना खाली? मग तिला आजच न्या. पुढच्या महिन्यात पाऊस लागला की रस्ता जातो, मग वर्षभर काही येत नाही इथे, आणि पुढच्या वर्षी ती असेल की नाही मी सांगू शकत नाही. तुम्हीही नाही. खाणीवाले परत आलेत ओढ्याच्या वरच्या अंगाला. तुम्ही बघितलंत त्यांचे खड्डे. आनालाबेला पहारा आहे, झाडं आहेत, आणि खरा नर आहे. न्या तिला.

गावाचं? गावाचं मी बघतो. पाहुण्यांना बाकीचं दाखवीन, सरडे दाखवीन. झेलीन काय म्हणेल? तिला विचारा की, दाराआड उभी आहे कधीची.

काय म्हणालीस? ... बघा, तीच म्हणाली. बाईला खोटं सांगून ठेवून घ्यायचं नसतं म्हणते. ठीक आहे, झेलीन, पाहुण्यांसमोर पुरे.

पण एक अडचण आहे. तुमची माणसं तिसऱ्यांदा आलीत ना? दोनदा सुई मारायला गेली आणि ती वरच्या शेंड्याला जाऊन बसली. तिथून पडली तर जाळ्यात नाही पडणार, मरेल. ती खालच्या फांद्यांवर उतरते ती एकाच वेळी — तुम्हाला आता ठाऊक आहे कधी. रोज उतरते थोडी थोडी. गेले काही महिने इतकी खाली येते की मी जागेवरून उभा राहिलो तर हात लागेल. मी कधी उभा राहिलो नाही.

मलाच गावं लागणार. दुसरं कोण गाणार?

ऐका... ऐकलंत? तीच. आज मला उशीर झाला ना, तुमच्या कागदापायी, म्हणून आधी तिनं सुरू केलं. आता थांबेल बघा. थांबली. माझी पाळी आहे.

झेलीन, नळी दे गं. कुठे ठेवलीस — हातातच धरून उभी आहेस होय. आणि टोपी दे, लग्नातली, पेंढ्याची. नको, केस विंचरलेत, टोपी राहू दे. दे, टोपी दे. आज वराकडून जायचंय, आणि आज खराच वर आहे पलीकडे, टोपी पाहिजे. तू काय बघतेस? रडत नाहीये, खोकला आहे तो. यंत्रालाही ठाऊक आहे माझा खोकला.

चला. माणसांना सांगा, ओढ्याच्या बाजूनं वर या, फणसाच्या झाडाशी थांबा, चपला काढा. मी गायला लागलो की कुणी हसायचं नाही. पहिल्या सुराला ती हलणार नाही, दुसऱ्याला उतरेल, तिसऱ्या उतरत्या सुरानंतर जी शांतता असते ना, तेव्हा ती मान वळवून शोधते. तेव्हा सुई मारायची. जाळं घट्ट धरा म्हणावं. आणि टोपलीत खाली ओली पानं घाला, कोवळी, तिची ती आधी.

आणि हे बघ बाळ — डॉक्टरीणबाई नाही म्हणत आता, माझ्या लेकीच्या वयाची आहेस — ती टोपलीत गेली की मला हाक मारू नका, विचारू नका, पाठीवर हात ठेवू नका. नवरी उंबरठ्याबाहेर पडली की वराकडच्या बोलणाऱ्यानं तोंड मिटायचं असतं, तो नियम आहे. मी फर्नमध्येच बसून राहीन जरा. तुम्ही तिला घेऊन निघा.

जा. ती थांबली आहे.